केशिकी : डाग, नक्षी की देखावा?

साके म्हणजे तांदळाची जपानी दारू; लाकडाच्या भट्टीत भाजलेल्या तिच्या पेल्याचं वर्णन मराठीत करायचंय, त्यात 'केशिकी' हा जपानी शब्द अडला, 'डागांची नक्षी' म्हटलं तर चालेल का, आणि पेला म्हणावं की चषक, असं विचारलं आहे.

डाग म्हटलं की काहीतरी बिघडलं. नक्षी म्हटली की कुणीतरी बसून काढली. केशिकीत दोन्ही नाही. या शब्दाचा रोजचा अर्थ निसर्गाचा देखावा. भांड्यांबाबत बोलताना, आगीने भांड्याच्या अंगावर जे करून ठेवलं ते. जपानातल्या ओकायामाकडची बिझेनची भांडी घ्या. त्यांना झिलई देत नाहीत. भट्टीत दहा-दहा दिवस, कधी त्याहून जास्त, लाल पाइनची लाकडं जळतात. उडालेली राख भांड्यावर बसते, वितळते आणि पिवळट ठिपके राहतात. त्यांना 'गोमा' म्हणतात, म्हणजे तीळ. इथे मराठीने आपलं काम आधीच करून ठेवलंय : आपला तीळ लाडवात असतो तसा गालावरही असतो! भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून भाताचा पेंढा गुंडाळत, त्याचे तांबडे पट्टे उठत. ते 'हिदासुकी'.

माझ्याकडे असा एक पेला आहे. आगीकडची बाजू तिळांनी भरलेली, पाठ नुसती विटकरी. बूड इतकं खरखरीत की टेबलावर सरकवला तर किरकिरतो. तिळांच्या बाजूला 'देखावा' म्हणून पाहिलं, पण गणपतीचा मांडव आठवला. शिवाय 'नुसता देखावा' हा टोमणा आहेच.

माझ्या मते इथे नाम शोधूच नये, क्रियापद घ्यावं : उमटणे. पाऊल उमटतं, पाठीवर वळ उमटतो. कुणी उमटवलं हे सांगावं लागत नाही. 'एका बाजूला राखेचे तीळ उमटलेत' एवढं पुरतं. नामच हवं असेल तर केशिकी तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगा.

चषक मात्र नको. या पेल्याला तिकडे 'गुइनोमी' म्हणतात. गुइ म्हणजे आपलं गटकन, नोमी म्हणजे पिणं. गटकन प्यायच्या भांड्याला पेला पुरे, चषक क्रिकेटवाल्यांकडे राहू दे.