बर्फात मीठ, डाळीत मीठ

प्रश्न असा होता: पॉट आईस्क्रीम करताना बर्फात मीठ घातलं की तो आणखी गार होतो म्हणतात, पण मिठाने तर बर्फ भराभर वितळतो. मग खरं काय? आणि पाण्यात मीठ घातलं की ते जास्त तापतं, तर डाळ लवकर शिजेल का?

दोन्ही खरं आहे. वितळतो म्हणूनच गार होतो. शून्य अंशाला बर्फ आणि पाणी एकत्र असलं की जेवढा बर्फ वितळतो तेवढंच पाणी पुन्हा गोठत असतं. त्या पाण्यात मीठ विरघळलं की गोठणं मंदावतं, वितळणं मात्र चालूच. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल उष्णता लागते. ती उरलेल्या बर्फातून आणि मधल्या डब्यातल्या दुधातून ओढली जाते. साध्या मिठाने फार तर उणे २१ अंशांपर्यंत जाता येतं. घरच्या बादलीत उणे दहा-बारा मिळालं तरी भागतं.

आणि तेवढं लागतंच, कारण दुधात साखर असते. ते मिश्रण शून्याला गोठतच नाही, उणे अडीच-तीनला कुठे सुरुवात होते. एकदा ऐन मे महिन्यात मीठ संपलं म्हणून मी नुसत्या बर्फात तासभर हँडल फिरवलं. शेवटी सगळ्यांनी वाट्यांतून गारेगार आटीव दूध प्यायलं. मीठ जाडं घ्या, बारीक मीठ लगेच विरघळून तळाशी उतरतं. आणि खारं पाणी डब्याच्या झाकणापर्यंत चढू देऊ नका.

डाळीचं म्हणाल तर लिटरभर पाण्यात चमचाभर, म्हणजे सहा ग्रॅम मिठाने उत्कलनबिंदू जेमतेम ०.१ अंशाने वाढतो. पुण्यात उंचीमुळे पाणी मुळात ९८ च्या आसपासच उकळतं, तिथे हा दशांश कुठल्या कुठे जातो. कुकर लावा.

साखरेचं वेगळं, कारण ती पाण्यापेक्षा जास्त होते. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटतो तसं तापमान चढत जातं: काकवी १०५-१०६ ला उतरवतात, गूळ ११८ च्या आसपास. जुना गुळव्या थर्मामीटर बघत नाही, थोडा रस गार पाण्यात टाकून गोळी वळते का ते बघतो. दोन्हींतून कळतं ते एकच, पाणी किती उरलंय. म्हणून लाडवांचा पाक पुढे गेला तर टाकू नका. थोडं पाणी घालून पुन्हा उकळी आणा, तापमान उतरतं आणि दोनतारीचा एकतारी होतो.