डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याहून गुलमर्गला स्कीइंग शिकायला जावं का? तंगमर्गच्या गेस्टहाऊसमध्ये राहिलो तर चालेल?

शिकायचंच असेल तर पहिला आठवडा टाळा. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे. तेव्हा बर्फ पडला तरी नवशिक्यांच्या उतारावर टिकेलच असं नाही, आणि थर पातळ असला की खालचे दगड स्कीला अडकून माणूस आपटतो. 21 डिसेंबरला चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, सुरू होतो. त्यानंतरचं, शक्यतो जानेवारी मध्यानंतरचं विमान बघा.

तंगमर्ग तेरा किलोमीटर खाली. खोली स्वस्त मिळते, पण बर्फात चाकांना चेन लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच वर जाते. ते रोजचं भाडं धरूनच हिशेब करा.

खोली घेताना बुखारीचं (खोली गरम करायच्या शेगडीचं) धुराडं बाहेर काढलंय ना, हे आधी विचारा. पेटती कांगडी (निखाऱ्यांचं मातीचं भांडं) घेऊन बंद खोलीत अजिबात झोपू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवायला सांगतील. आपल्याकडच्या सवयीने घट्ट बंद केलात तर आतलं पाणी गोठून पाइप फुटतो.

जीन्स नको, भिजली की वाळत नाही. आणि महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, निदान एकाकडे तरी पोस्टपेड हवंच.