ऐरोलीहून जर्मनीला निघताना: तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर

तुझा प्रश्न वाचून चार दिवस झाले. ऐरोलीची आहेस, एम.एस्सी. झाली आहे, ठाणे खाडीच्या चिखलातल्या जिवाणूंवर पीएच.डी. करायला जर्मनीतल्या बायर्न (बव्हेरिया) राज्यातून बोलावणं आलंय. तीन वर्षांचं कंत्राट, पगार पूर्ण पदाच्या 65 टक्के. नवरा सोबत येणार, मुलगी पहिलीत. जावं का, मुलीच्या शाळेचं काय, एकटं पडायला होतं का, असं विचारलंस. आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘ताई, एवढं करून त्याचा कुणाला उपयोग होतो का?’ वरच्या प्रश्नांची उत्तरं मी त्याच रात्री लिहिली असती. या ओळीने अडवलं.

मी ठाणे पूर्वेची. तू खाडीच्या त्या काठावरची, मी या. माझी पीएच.डी.सुद्धा याच गाळावर झाली, त्यातल्या धातूंवर. 2016 मध्ये नवरा आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन मी इथे जर्मनीत आले. आठ वर्षं विद्यापीठात होते. आता एका प्रयोगशाळेत सांडपाण्याचे नमुने तपासते.

व्हिसा, एपीएस (पदव्यांची पडताळणी), विमा, बँक यांबद्दल लिहीत नाही. ते सगळं दूतावासाच्या पानावर आहे आणि माझी माहिती जुनी. तिथे न सापडणारी एक गोष्ट मात्र सांगते, ती म्हणजे नावांची. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. इथल्या कार्यालयातल्या बाईंनी गुणपत्रिकेवरचं तिसरं नाव आडनाव म्हणून घेतलं आणि पाच महिने मला माझ्या बाबांच्या नावाने पत्रं येत होती. त्यावरून बँकेचं खातं अडलं, खात्यावरून पगार अडला. त्यात माझं आडनाव माहेरचं, मुलीचं तिच्या बाबांचं. मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना मला विचारलं, ही तुमचीच कशावरून? त्यांच्या दृष्टीने तो साधा प्रश्न होता. मी घरी येऊन खूप रडले आणि अजूनही तो प्रश्न आठवला की हात थरथरतात. तू निघण्याआधी मुलीचा जन्मदाखला काढून बघ. त्यावर तुझं आणि नवऱ्याचं पूर्ण नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच हवं. एका अक्षराचाही फरक असेल तर महापालिकेतून दुरुस्त करून घे, मगच निघ. इथून ते करायला मला दोन उन्हाळे लागले.

आता शाळा. हे लांबेल, पण मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते.

बायर्नमध्ये चौथीत मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, अशा तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी काढतात. 1 सगळ्यात चांगली, 6 सगळ्यात वाईट. सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे जाणारी शाळा. 2.66 पर्यंत रेआलशुले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. त्यापुढे मिटेलशुले, म्हणजे मुख्यतः व्यवसाय शिक्षणाकडे नेणारी शाळा. दहा वर्षांच्या मुलांचं हे ठरतं. माझी मुलगी दुसरीत आली तेव्हा तिला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. चौथीत तिला गणितात 1, जर्मनमध्ये 4, परिसरात 3 मिळाली. सरासरी 2.66.

परिसरातली ती 3 माझ्या मनातून जात नाही. पाण्यावरची चाचणी होती. पाण्याबद्दल काय माहीत आहे ते लिहा, असा एक प्रश्न होता. तिने लिहिलं की पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, उतरलं की चिखलातून निवट्या उड्या मारत बाहेर येतात. तिला निवटीचा, म्हणजे चिखलातल्या त्या माशाचा, जर्मन शब्द माहीत नव्हता म्हणून तिने चित्र काढलं होतं. अपेक्षित उत्तर बाष्पीभवन, ढग, पाऊस असं होतं. गुण शून्य. ते चित्र माझ्याकडे आहे.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की सरासरी बसली नाही तर तीन दिवसांचे चाचणी वर्ग असतात. ते त्या त्या शाळेत घेतात, पालकांनी नाव नोंदवायचं. ती मुदत ज्या आठवड्यात होती त्या आठवड्यात मी एका परिषदेत पोस्टर लावून उभी होते. पोस्टर ठाणे खाडीच्या गाळावरचं होतं. नवऱ्याला जर्मन पत्र नीट कळलं नाही, आणि मी फोनवर ‘आल्यावर बघू’ म्हटलं. आले तेव्हा मुदत संपली होती.

दुसरी गोष्ट तर मला दोन वर्षांनी कळली. जे मूल पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हतं, त्याची सरासरी भाषेच्या कच्चेपणामुळे घसरली असेल आणि तो कच्चेपणा भरून निघण्यासारखा वाटत असेल, तर 3.33 पर्यंतही त्याला गिम्नाझियमसाठी योग्य ठरवता येतं. नियमातच आहे. वर्गशिक्षकांनी ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तू हे तिसरीतच विचार, लेखी विचार.

मुलगी आता सोळा वर्षांची आहे, रेआलशुले संपवतेय. पुढे विद्यापीठापर्यंत जायचा रस्ता तिथूनही आहे आणि ती तो घेईल असं दिसतंय. ती कधी बोलून दाखवत नाही. मलाच त्यातून बाहेर पडता आलेलं नाही. तुझी मुलगी पहिलीत आहे, म्हणजे तुझ्याकडे माझ्यापेक्षा एक वर्ष जास्त आहे. ते वर्ष वाया घालवू नकोस. आल्या आल्या तिला रोज दुपारी थांबायची सोय असलेल्या ठिकाणी घाल, तिथे खेळता खेळता भाषा येते.

एकटेपणा असतो. रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा जास्त. त्याचं काही करता येत नाही आणि त्याने कुणाचं अडतही नाही.

कंत्राटाचं मात्र नीट समजून घे. इथल्या विद्यापीठात तात्पुरत्या कंत्राटांवर पीएच.डी.आधी सहा आणि नंतर सहा वर्षं राहता येतं, प्रत्येक मुलामागे दोन वर्षं वाढतात. त्यात कायमची जागा मिळाली तर मिळाली. 2021 मध्ये हजारो संशोधकांनी ‘मी हाना’ म्हणत याविरुद्ध लिहिलं. शिक्षण मंत्रालयाच्या एका चित्रफितीत या पद्धतीची भलामण करायला हाना नावाची काल्पनिक जीवशास्त्रज्ञ घेतली होती, त्यावरून ते नाव. मीही तेव्हा लिहिलं होतं. माझी सहा आणि दोन मिळून आठ वर्षं 2024 मध्ये संपली.

आणि नमुने. खाडीच्या चिखलातले जिवाणू कायद्याने जैविक साधन आहेत. 2002 च्या जैविक विविधता कायद्याखाली ते संशोधनासाठी बाहेर न्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथला चिखल घ्यायचा तर वनविभागाची परवानगी वेगळी. इथलं विद्यापीठही ती कागदपत्रं मागतं, कारण जैविक साधनांच्या वापराबद्दलच्या नागोया करारानंतर युरोपातही तसा नियम झाला. मी अर्ज इथे आल्यावर केला. त्यात कंत्राटातले जवळजवळ अकरा महिने हातात नमुना नसताना गेले. चूक माझी होती. तू ऐरोलीत बसूनच अर्ज कर.

आता तुझी शेवटची ओळ.

पीएच.डी.चे नमुने घ्यायला मी चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांच्या होडीतून जायचे. ओहोटीची वेळ ते ठरवायचे. कुठे पाय रुतेल, कुठे रुतणार नाही, हे त्यांना नुसत्या रंगावरून कळायचं. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडून डिझेलशिवाय एक पैसा घेतला नाही. एकच अट होती, काय निघालं ते येऊन सांगायचं. एकदा मी त्यांना गाळातल्या धातूंचं सगळं समजावायला लागले तर म्हणाले, ‘मावरा खावाचा का नाय, तवरा सांग.’

मी हो म्हटलं. आणि मी गाळ तपासत होते, मासे नाही.

तुला विषय माहीत आहे, तरी सांगते. तिवरांखालचा काळा चिखल कुजलेल्या अंड्यासारखा वास मारतो, कारण तिथे हवा पोचत नाही आणि जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड बनवतात. कारखान्यांतून आलेलं तांबं, जस्त, शिसं त्या सल्फाइडला धरून बसतं. तसं बसलेलं असेपर्यंत ते बरंचसं निरुपद्रवी असतं. तोच चिखल उपसून वर टाकला, त्याला हवा लागली, की धातू सुटतात. पारा निराळा. तेच हवेशिवाय जगणारे जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करू शकतात, आणि तो माशांत साठत जातो. म्हणजे माझ्या कामातून एवढं नक्की निघत होतं की खाडीत खोदकाम करताना चिखल कुठे टाकायचा हा प्रश्न साधा नाही. हे कोळीवाड्याला, महापालिकेला, भराव घालणाऱ्या कंत्राटदाराला सांगण्यासारखं होतं. पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. त्यासाठी बोईट आणि चिंबोरी तपासायला हवी होती. मला ते सुचलं होतं. मार्गदर्शकांनी विषय वाढवू नकोस म्हटलं आणि मला बरं वाटलं, कारण लवकर संपवायचं होतं.

पेपर इंग्रजीत आला, एका परदेशी नियतकालिकात. विकत घेऊन वाचायचा तर तीसेक डॉलर. पेपर आल्यावर मी पेढे वाटले, चेंदणीतही वाटले. निष्कर्ष सांगितले नाहीत. विचारलं की म्हणायचे, काम चालू आहे काका.

जपानमधल्या मिनामाताचं आपण सगळेच शिकतो. 1956 मध्ये तिथे मासे खाणाऱ्यांचा आजार नोंदला गेला. कुमामोतो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1959 मध्ये सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं आणि सरकारने कारखान्याचा पारा हेच कारण म्हणून मान्य करायला 1968 उजाडलं. तोवर लोक तेच मासे खात होते. मी हे व्याख्यानात कितीदा सांगितलंय. सांगताना चेंदणी डोळ्यांसमोर येते आणि मी पुढची स्लाइड लावते. ठाणे खाडीत मिनामाता आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे आधारच नाही. आधार नाही हेच काकांना सांगायला हवं होतं.

उपयोग होतो का, तर होतो, आणि कधी होईल ते करणाऱ्याच्या हातात नसतं. कुलाब्याच्या वेधशाळेत सप्टेंबर 1859 च्या, सूर्यावरच्या उद्रेकामुळे आलेल्या चुंबकीय वादळाची नोंद झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी यंत्रं बिघडणार, म्हणून 1904 मध्ये ते काम अलिबागला हललं. ती 1859 ची नोंद जपून ठेवलेली होती, म्हणून 2003 मध्ये संशोधकांना त्या वादळाची तीव्रता काढता आली, आणि आज वीजवाहिन्या आणि उपग्रह सांभाळणारे लोक ती लक्षात घेतात. या सगळ्याचा वारसा सांभाळणारी भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे, तुझ्या घरापासून फार लांब नाही. नोंद करणाऱ्याला उपग्रह माहीत नव्हते. त्याने नोंद नीट ठेवली, एवढंच.

पण हे उदाहरण मी स्वतःच्या समाधानासाठी फार वापरलंय. शंभर वर्षांनी कुणाला तरी उपयोग होईल, असं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकले आणि भारतात परतून गडचिरोलीला गेले. तिथे बाळं का दगावतात हे मोजलं, गावातल्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. प्रश्न गावाचा होता, उत्तर आधी गावात पोचलं, पेपर मग आला. मी ते वाचलं तेव्हा एम.एस्सी.ला होते आणि असंच करायचं असं ठरवलं होतं.

जा की नको जाऊ, हे मी सांगणार नाही. इथली उपकरणं, इथले सहकारी, निवांत विचार करायला मिळणारा वेळ, हे मला ठाण्यात मिळालं नसतं आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. फक्त निघण्याआधी दिवाळे, वाशी, ऐरोली, जिथून चिखल घेणार असशील तिथल्या कोळीवाड्यात जाऊन बस आणि तिथल्या लोकांना काय जाणून घ्यायचंय ते विचार. तुझ्या प्रबंधात ते बसणार नसेल तर तिथल्या तिथे सांग की बसणार नाही. आणि प्रयोगांच्या वेळापत्रकात एक महिना मराठीत लिहायला, परत जाऊन सांगायला काढून ठेव. इथल्या मार्गदर्शकांना पहिल्याच बैठकीत तसं सांग, नंतर वेळ मिळत नाही.

काका आता होडी चालवत नाहीत. गेल्या वर्षी गेले होते तेव्हा बंदराजवळ जाळं विणत बसले होते. मला ओळखलं. म्हणाले, ‘पोरी, त्या चिखलाचा काय झाला?’ मी चहा प्यायले, मुलीचे फोटो दाखवले आणि उठले.

तुझा प्रश्न आल्यापासून रोज रात्री थोडं थोडं मराठीत लिहितेय, त्यांच्यासाठी, दोन पानांत बसेल एवढंच. डिसेंबरमध्ये ठाण्याला येतेय, तोवर पुरं करायचंय. ‘काका, मी मासे तपासले नव्हते’ हे पहिलं वाक्य झालंय. दुसऱ्यावर अडले आहे.