वीस वर्षं काम केलेल्या माणसाला मी काय सल्ला देणार?

या वेळी मोठ्या कन्सल्टिंग फर्ममध्ये (म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या कंपन्यांमध्ये) नव्यानेच चिकटलेल्या मुलामुलींची पत्रं बरीच आली, म्हणून अख्खं पान त्यांनाच देतेय. मधे एका आईचंही पत्र आहे, ते मला सगळ्यात आवडलं.

प्रश्न : ताई, कॉलेज संपलं आणि थेट एका मोठ्या फर्ममध्ये कन्सल्टंट म्हणून लागले. पहिलाच प्रोजेक्ट कारखान्याचा खर्च कमी करण्याचा. प्लांटचे साहेब वीस वर्षं तिथे आहेत आणि मी त्यांना विचारतेय की हे मशीन नेमकं काय करतं! "ही आता आम्हाला शिकवणार" असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसतं. आणि खरं सांगू का, मलाही तसंच वाटतं. मी त्यांना काय सल्ला देणार?

उत्तर : अगं, देऊच नको. सल्ला देणं हे पार्टनरचं, म्हणजे फर्ममधल्या सगळ्यात वरच्या भागीदाराचं काम, क्लायंट पैसे मोजतो तेही त्याच्याकडे बघून. तुझं पहिल्या वर्षाचं काम म्हणजे माहिती गोळा करायची, ती एकमेकांशी जुळते का बघायचं आणि कोणी बोट ठेवलं तरी टिकतील अशी पानं करायची. या फर्म चालतातच तशा, वर मोजके पार्टनर आणि खाली ढीगभर ज्युनिअर. हे काही आजचं नाहीये, मॅकिन्झी या बड्या अमेरिकन कन्सल्टिंग फर्मने तिचे प्रमुख मार्विन बोवर यांच्या काळात, १९५० च्या दशकातच, अनुभवी मंडळींऐवजी बिझनेस स्कूलमधून ताजी पोरं उचलायला सुरुवात केली होती, तेव्हा क्लायंटच्या माणसांचं तोंड वाकडं होणं पण तितकंच जुनं असणार.

आता साहेबांकडे काय नाहीये ते बघ. प्लांट त्यांना पाठ आहे, पण परचेस, मेंटेनन्स आणि सेल्स या सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून बसायला त्यांना वेळ कुणी दिलाय? तुला दिलाय, आणि तेवढ्यासाठीच तुला तिथे पाठवलंय. बऱ्याचदा उत्तर त्यांना माहीतच असतं, वर्षानुवर्षं माहीत असतं, फक्त वर कुणी ऐकून घेतलेलं नसतं. म्हणून रिकाम्या हाताने जाऊन "सर, तुमचे प्रॉब्लेम काय आहेत" असं विचारू नको, लोक चिडतात आणि बरोबरच चिडतात. आकडा घेऊन जा. "सर, तिसऱ्या शिफ्टला मला स्क्रॅप दुप्पट दिसतंय, माझ्या फाईलमध्ये गडबड आहे की खरंच असं होतं?" मग बघ माणूस कसा बोलायला लागतो ते. मशीन काय करतं हे विचारायलाही लाजू नको, फक्त आत्ताच विचारून घे, दोन महिन्यांनी विचारलंस तर मात्र खरंच पंचाईत.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, त्यांच्या डिपार्टमेंटचा आकडा त्यांना पहिल्यांदा त्यांच्या बॉससमोर मोठ्या स्क्रीनवर दिसता कामा नये. मॅनेजरला विचारून आदल्या दिवशी ते पान त्यांना दाखव. चुकलं असेल तर तिथेच चिंध्या करतील, चार जणांत होण्यापेक्षा बरं. आयडिया त्यांची असेल तर मीटिंगमध्ये त्यांचं नाव घे. हे न करणारे कन्सल्टंट भरपूर आहेत, त्यांच्यामुळेच तर ते तोंड वाकडं होतं.

प्रश्न : माझा मॅनेजर प्रत्येक स्लाईडवर "मग काय?" एवढंच लिहून परत पाठवतो. आणि गेल्या आठवड्यात एका टेबलची बेरीज चुकली तर माझ्याशी दोन दिवस धड बोलला नाही. एवढ्याशा चुकीचा एवढा बाऊ?

उत्तर : "मग काय"चं उत्तर सोपं आहे रे. तू स्लाईडच्या वर "विक्रीचा आढावा" असं काहीतरी लिहीत असणार. ते हेडिंग झालं. तिथे पूर्ण वाक्य हवं, "विक्री वाढली पण नफा दोनच प्रॉडक्टमधून येतोय" असं. मॅकिन्झीमध्ये १९६३ साली लागलेल्या बार्बरा मिंटो यांनी हे वळण लावलं, उत्तर आधी सांगायचं, कारणं त्याच्या खाली. डेकच्या, म्हणजे सगळ्या स्लाईडच्या संचाच्या, नुसत्या टायटल वरपासून खालपर्यंत वाचल्या तर गोष्ट कळली पाहिजे, करून बघ एकदा.

बेरजेच्या बाबतीत मात्र मी तुझ्या मॅनेजरच्या बाजूने. (न बोलण्याच्या बाजूने नाही, तो पोरकटपणा.) कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ हे नावाजलेले अर्थतज्ज्ञ, २०१० मध्ये त्यांनी मांडलं की देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ जवळपास संपते, सरासरी उणे ०.१ टक्का. सरकारी खर्च कापा म्हणणाऱ्या नेत्यांना तर हे आयतंच सापडलं. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्याकडूनच एक्सेल फाईल मागवून घेतली तर सरासरीच्या फॉर्म्युल्यात २० पैकी पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या! वाद इतर गोष्टींवरही होता, काही वर्षांचा डेटा सोडला होता, सरासरी काढायची पद्धत वेगळी होती, पण त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी सगळं दुरुस्त करून काढलेला आकडा आला २.२ टक्के. आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर एक्सेलची चूक.

तुझ्या क्लायंटचंही तेच होतं. एक बेरीज चुकलेली दिसली की बाकीची चाळीस पानं तो संशयानेच वाचतो. त्यामुळे पाठवायच्या आधी टोटल मूळ फाईलशी जुळव, लाख आणि कोटीची गल्लत झालीये का बघ, फाईल जोडण्याआधी किती ओळी होत्या आणि नंतर किती उरल्या ते मोज, आणि प्रत्येक आकडा कुठून आला ते स्लाईडखाली बारीक अक्षरात लिही. शक्य असेल तर प्रिंट काढून वाच, स्क्रीनवर डोळा घसरतो. चूक आधी तुला सापडली तर लगेच सांग, रात्रीचे अकरा वाजले असले तरी.

प्रश्न : माझा मुलगा महिनाभर घरीच आहे. म्हणतो "आई, मी बेंचवर आहे." पगार येतो पण काम नाही. नोकरी जाणार का हो?

उत्तर : नाही हो, लगेच नाही. एक प्रोजेक्ट संपला आणि दुसरा मिळेपर्यंतचा काळ म्हणजे बेंच, कन्सल्टिंगमध्ये हे चालतंच. पण फर्म प्रत्येकाचे क्लायंटला लावता येतील असे तास मोजते, त्याला युटिलायझेशन म्हणतात, आणि ते बरेच महिने खाली राहिलं तर वर्षाच्या रिव्ह्यूमध्ये विषय निघतो. म्हणून त्याने नुसतं स्टाफिंगच्या (कुणाला कुठला प्रोजेक्ट द्यायचा ते ठरवणाऱ्यांच्या) मेलची वाट बघत बसू नये, आधीच्या मॅनेजरना फोन करावा, नव्या प्रपोजलमध्ये (नवं काम मिळवायच्या प्रस्तावात) हात लावावा, प्रोजेक्ट बहुतेक वेळा ओळखीनेच मिळतात. बऱ्याच फर्ममध्ये ठरावीक वर्षांत वर चढा नाहीतर बाहेर पडा असा रिवाज आहे, पण तो प्रश्न पुढचा, आणि बाहेर पडलेले बरेच जण क्लायंटकडेच चांगल्या जागेवर लागतात. तुम्ही फक्त रोज सकाळी "आला का प्रोजेक्ट" विचारू नका.

प्रश्न : आठवड्याला ६० तास काम होतं पण मॅनेजर म्हणतो टाईमशीटवर ४०च लिही. काय करू?

उत्तर : ६० लिही. प्रोजेक्टची फी आधीच ठरलेली असेल तर तुझ्या जादा तासांनी क्लायंटचं बिल वाढत नाही, मॅनेजरचा नफा तेवढा कमी दिसतो, म्हणून ही विनवणी. पण तू ४० लिहिलेस की पुढचा प्रोजेक्ट त्याच ४०च्या हिशोबाने विकला जाणार आणि तुझ्या जागी येणारा पण असाच भरडला जाणार. भांडू नको, "४०च लिहायचे ना, कन्फर्म करता का" असा साधा मेल टाक. बहुतेक उत्तर येत नाही. आलंच तर तो मेल एचआरला दाखवायच्या कामाचा आहे.

प्रश्न : मी कुठल्या क्लायंटचं काम करतेय हे मैत्रिणींना सांगितलं तर चालेल का?

उत्तर : नाही. लिफ्टमध्ये नाही, प्रवासात फोनवर पण नाही, आणि शेजारच्याला लॅपटॉप दिसत असेल तर डेक उघडूच नको. क्लायंट शेअर बाजारात लिस्टेड असेल तर त्याचे शेअर घ्यायचे नाहीत, कुणाला घ्या म्हणायचं नाही. मॅकिन्झीचे माजी प्रमुख रजत गुप्ता गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेच्या बोर्डातली माहिती बाहेर दिल्याबद्दल २०१२ मध्ये दोषी ठरले आणि दोन वर्षांची शिक्षा झाली, एवढ्या वर पोचलेला माणूस. तुझ्याकडे आधीपासूनच त्या कंपनीचे शेअर असतील तर आजच कंप्लायन्सला, म्हणजे फर्ममध्ये नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाला, कळव, विकायचे की ठेवायचे ते तेच सांगतील.