कृषी सेवेतून लागलेला माणूस खात्याचा प्रमुख होऊ शकतो का?

तुम्ही परभणीला बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि एमपीएससीतून कृषी सेवेत गेल्यावर खात्याच्या अगदी वरच्या खुर्चीपर्यंत पोचता येतं का, असं विचारलंय.

मी अधिकारी नव्हतो. मराठवाड्यातल्या एका कृषी कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर 29 वर्षं काढली. साहेब येत-जात राहिले, त्यांची सेवापुस्तकं माझ्या कपाटात असायची. कोण कुठवर चढला आणि कुठं अडकला, हे त्यामुळे जरा जास्तच जवळून बघितलं.

संचालक होता येतं, आयुक्त जवळजवळ नाही. पुण्यातली कृषी आयुक्ताची खुर्ची आयएएसची. महसूल सोडून इतर खात्यांतूनही निवडीने आयएएस मिळतं, पण त्या जागा इतक्या मोजक्या की त्यावर आयुष्याचा हिशेब मांडू नका. आयुक्ताखालचे फलोत्पादन, गुणनियंत्रण, विस्तार वगैरेचे संचालक मात्र खात्यातूनच चढत आलेले असतात. मंडळ, तालुका, उपविभाग, मग जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, मग विभागीय सहसंचालक अशी ती चढण. सगळ्या मराठवाड्याला सहसंचालक दोनच, एक छत्रपती संभाजीनगरला आणि एक लातूरला.

निवृत्ती 58 ला. त्यामुळे तुम्ही कुठल्या पायरीवरून सुरुवात करता याला फार किंमत आहे. गट अ मधून थेट उपसंचालक, म्हणजे उपविभागाच्या पायरीवर लागलेल्याची कितीतरी वर्षं वाचतात. मंडळ कृषी अधिकारी म्हणून लागलेला बहुतेक वेळा जिल्ह्यापर्यंत येतो, तोवर केस पांढरे. एक साहेब सहसंचालक म्हणून हजर झाले तेव्हा त्यांच्या नोकरीचे 11 महिने उरले होते. पहिले दोन सत्कारात गेले, शेवटचे दोन पेन्शनच्या कागदांत.

जिल्ह्याची खुर्ची मानाची आहे, सुखाची नाही. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही, तक्रारींचा ढीग पडला, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा रोज संध्याकाळी वर माहिती पाठवायची, तीही दरवेळी नव्या तक्त्यात.

पण खरी मेख वेगळीच आहे, ती क्लासमध्ये कुणी सांगत नाही. आपल्या भागात यायला बाहेरचे अधिकारी नाखूश. आदेश निघतो, साहेब हजर होतात, आठ दिवसांत वैद्यकीय रजा, आणि मग बदलीच बदलून येते. रिकाम्या खुर्चीचा अतिरिक्त कार्यभार कुणाकडे? जो इथलाच आहे आणि नाही म्हणत नाही त्याच्याकडे. शेजारच्या तालुक्यातलं शेततळं तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं नसतं, पण बिलावर सही तुमची.

असे एक साहेब होते. माणूस सरळ, डबा खाऊन पुन्हा शिवारात जाणारा. चार्जच्या तालुक्यातल्या जुन्या कामांची तक्रार झाली, 1979 च्या शिस्त व अपील नियमांखाली विभागीय चौकशी लागली. पदोन्नती समिती बसली तेव्हा त्यांचं नाव मोहोरबंद पाकिटात गेलं, म्हणजे चौकशी संपेपर्यंत निर्णय झाकलेलाच. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस त्यांचा साहेब झाला आणि त्याच्यासमोर ते आढावा बैठकीत उभे राहून माहिती द्यायचे. चौकशीतून ते निर्दोष सुटले. पदोन्नतीचा मानीव दिनांकही मिळाला, म्हणजे मागच्या तारखेपासून पदोन्नती धरली गेली, पण आदेश आला तेव्हा त्यांना निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. मीच फोन केला. म्हणाले, ‘बरं झालं. पेन्शनमध्ये काही वाढ बसते का हो, जरा बघून सांगा.’

तेव्हा लागलात तर तीन गोष्टी पाळा. ज्येष्ठता यादी आली की आपलं नाव आणि जन्मतारीख स्वतः तपासा, हरकत मुदतीतच घ्या. नंतर कोणी ऐकत नाही. गोपनीय अहवालाची प्रत मिळते, ती वाचून ठेवा. शेरा खाली आला असेल तर लेखी म्हणणं द्या, साहेबाशी संबंध कितीही गोड असोत. आणि कुठलाही चार्ज घेताना अपूर्ण कामांची, न झालेल्या मोजमापांची यादी करून, देणाऱ्याची सही घेऊन, झेरॉक्स घरी ठेवा.

त्या साहेबांच्या घरी ती झेरॉक्स होती, म्हणून ते सुटले. त्याच चौकशीत नाव असलेल्या दुसऱ्याकडे नव्हती. त्याच्या वेतनवाढी बंद झाल्याची नोंद त्याच्या सेवापुस्तकात मीच घेतली.