नव्या गाडीत डीपीएफचा दिवा का लागतो?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी डिझेलवरची छोटी लक्झरी एसयूव्ही घेतली. नाशिकमध्ये गंगापूर रोड ते सातपूर, रोज सहा-सात किलोमीटर. गाडी झकास, पण डीपीएफचा दिवा लागतो. दोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही, दोष वापराचा आहे. डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर; बीएस-६ डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमधली ही जाळी काजळी अडवते. अडकलेली काजळी जळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. सिग्नलगणिक थांबत सहा किलोमीटरमध्ये इंजिनच धड तापत नाही.

दिवा स्थिर असेल तर टाकी पाव भागापेक्षा जास्त भरा आणि मुंबई-आग्रा महामार्गानं घोटीपर्यंत जाऊन या. ताशी ६०-८०, एक गिअर खालचा, सलग वीस मिनिटं. मध्येच इंजिन बंद करू नका. काजळी जाळणं अर्धवट राहिलेल्या प्रत्येक खेपेला थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला. तेही कंपनीनं सांगितलेलं, जळल्यावर कमी राख सोडणारंच.

दिवा लुकलुकला किंवा ओढ कमी झाली तर थेट वर्कशॉप. खरं तर एवढ्याशा फेरीला पेट्रोलच बरं होतं.