एकट्याने आरामात सुट्टी घालवायला कुठलं बेट चांगलं?

तुम्ही विचारलंय की एकटं जायचंय, धावपळ नको, फक्त समुद्र आणि शांतता हवी. मी तर डोळे झाकून अंदमानातलं नील सांगेन (2018 पासून नाव शहीद द्वीप, पण लोक अजून नीलच म्हणतात). शेजारच्या हॅवलॉक बेटापेक्षा लहान आणि निवांत, पोर्ट ब्लेअरहून (2024 पासून नाव श्री विजयपुरम) फेरीने जायचं.

मी चार दिवस एकटी राहिले आणि काहीही न करता राहिले, तेच हवं होतं मला. सायकल भाड्याने घ्या, बेट एवढंसं आहे की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आरामात पोचता, दोन्ही बाजूला केळी, सुपारी, भाजीचे मळे, बहुतेक घरं बंगाली त्यामुळे मासे-भात मस्त मिळतो. सकाळी सीतापूरला सूर्योदय, संध्याकाळी लक्ष्मणपूरला सूर्यास्त, पण लक्षात ठेवा तिकडे हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच अंधार पडायला लागतो, आपल्यासारखं साडेसहापर्यंत रेंगाळू नका. खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच बघता येते, वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि जुने सँडल घाला, खडक फार बोचतात. मी तिथे एका डबक्यात पाऊण तास नुसते छोटे निळे मासे बघत बसले होते, उठवेना. प्रवाळाचे तुकडे मात्र अजिबात उचलू नका, बंदी आहे.

नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये जा, रोख पैसे जवळ ठेवा, आणि जाताना एक दिवस सेल्युलर जेलसाठी काढाच, सावरकरांची कोठडी बघितल्याशिवाय परत येऊ नका.